ओडे की लापॉइंट? फ्रेंच-कॅनेडियन घराण्याचा माग काढताना

तुमचा प्रश्न थोडक्यात असा : यजमानांचं आडनाव लापॉइंट. त्यांचे पणजोबा कॅनडातल्या क्यूबेकमधून अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या लोवेलच्या कापड गिरण्यांत कामाला आले. पण पणजोबांच्या सख्ख्या भावाच्या दफनाच्या नोंदीत आडनाव 'ओडे' आहे. शिवाय पणजीच्या नावापुढे क्यूबेकच्या एकाही कागदात नवऱ्याचं आडनाव नाही, त्यामुळे दोघांचं लग्न झालं होतं का अशी कुजबुज घरात आहे. फ्रान्समधल्या मूळ गावापर्यंत पोचता येईल का, हा शेवटचा प्रश्न.

कुजबुज आजच थांबवा. क्यूबेकमध्ये बाई जन्माच्या आडनावानेच जगते आणि त्याच आडनावाने पुरली जाते, निदान कागदोपत्री तरी. फ्रेंच राजवटीपासूनची ही रीत आहे. बाप्तिस्मा, लग्न, मुलांचे बाप्तिस्मे, नोटरीसमोरचे करार, दफन, सगळीकडे तिचं माहेरचंच नाव. दफनाच्या नोंदीत 'अमुक ट्राम्ब्ले, तमुक गान्योंची पत्नी' असं लिहिलेलं सापडेल. एकोणिसाव्या-विसाव्या शतकात गावात तिला नवऱ्याच्या नावाने मादाम म्हणत, पण पाद्री आणि नोटरी आपल्या वहीत ते घेत नसत. आता तर कायदाच आहे : २ एप्रिल १९८१ नंतर लग्न झालेल्या स्त्रीने क्यूबेकमध्ये जन्माचंच नाव वापरायचं. पणजी लोवेलला पोचल्यावर मात्र अमेरिकी कारकुनाने तिला नवऱ्याचं आडनाव चिकटवलं असणार. म्हणून एकाच बाईचे कागद सीमेच्या दोन बाजूंना दोन नावांनी सापडतात.

हे तुमच्या फायद्याचं किती आहे ते आपल्या कुलवृत्तांतांशी ताडून पाहा. आपल्याकडे पंधरा पिढ्यांचे पुरुष ओळीने मिळतात आणि त्यांच्या बायकांपैकी निम्म्या 'पत्नी राधाबाई' एवढ्यावर थांबतात. माहेर कुठलं, वडील कोण, काही नाही. क्यूबेकमध्ये आईची बाजू वडिलांच्या बाजूइतकीच सरळ लागते. आईची आई, तिची आई, असं मागे मागे जात थेट सतराव्या शतकातल्या बाईपर्यंत पोचणारे लोक मी नेहमी पाहतो.

आता ओडे आणि लापॉइंट. ही एकाच घराची दोन नावं आहेत, असा माझा पहिला अंदाज. जुन्या नोंदींत दोन आडनावांच्या मध्ये डी-आय-टी अशी तीन अक्षरं दिसतील. उच्चार 'दी', बाईसाठी 'दीत', आणि काम आपल्या 'ऊर्फ'चं. निकोला ओडे दी लापोआंत (लापॉइंटचाच फ्रेंच उच्चार) हा माणूस फ्रान्सच्या प्वातू प्रांतातून आला आणि १६७० मध्ये क्यूबेक शहराजवळच्या ओर्लेआं बेटावर, सेंत-फामीय इथे त्याने माद्लेन देप्रे हिच्याशी लग्न केलं. त्याच्या वंशजांत काही ओडे राहिले, काही लापोआंत झाले, काहींनी दोन्ही वापरली. अमेरिकेत त्यांचेच 'ऑडेट'सुद्धा झाले. एका भावाने एक नाव उचललं आणि दुसऱ्याने दुसरं, यात भांडण किंवा लपवाछपवी शोधू नका.

पण इथेच घाई करू नका. लापोआंत हे जोडनाव एकट्या ओड्यांचं नाही. मॉन्ट्रियलकडे देझोतेल दी लापोआंत होते, गोदार दी लापोआंत होते, सिमों दी लापोआंतही होते, आणि या घराण्यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. लोवेलच्या जुन्या निर्देशिकेत लापॉइंट दिसला की तो आपलाच, असं धरून चाललेली कितीतरी वंशवृक्षांची झाडं मी मोडून पुन्हा बांधायला लावली आहेत. तुमच्याकडे भावाच्या नोंदीतलं 'ओडे' आहे, म्हणून तुमचा अंदाज बळकट आहे. पण तो अंदाजच. सिद्ध होईल ते पणजोबांच्या आईवडिलांची नावं दोन्ही भावांच्या लग्नांत एकच निघाली तर.

ही जोडनावं आली कुठून? सर्वांत मोठा झरा सैन्याचा. फ्रेंच पलटणीत भरती होताना शिपायाला एक टोपणनाव मिळे, आणि जमीन घेऊन स्थायिक झाल्यावर ते त्याच्यासोबत राही. १६६५ मध्ये इरोक्वा या आदिवासींशी लढायला आलेल्या कारीन्यां-सालिएर पलटणीतले सुमारे चारशे शिपाई क्यूबेकमध्येच राहिले. लाफ्लर म्हणजे फूल, जोलिकर म्हणजे दिलखुलास, सांसुसी म्हणजे बेफिकीर, त्रांशमोंतान्य म्हणजे डोंगर कापणारा. वादबोंकर हे माझं आवडतं, 'आनंदाने जातो तो'. अशी नावं प्रत्येक तुकडीत एकेक असायची, त्यामुळे लाफ्लर नावाची परस्परांशी नातं नसलेली घराणी डझनांनी आहेत.

दुसरा झरा प्रांताचा. आंजूहून आला तो लांज्व्हें, ब्रिटनीहून आला तो ब्रतों, पिकार्दीचा तो पिकार. तिसरा जमिनीचा. बातिस्कां या गावचे दोघे रिव्हार बंधू पाहा : निकोलाने लाव्हीन्य हे नाव जोडलं, रोबेरने लोरांजे. पुढच्या पिढ्यांत लानुएत, लाकुर्सिएर अशी आणखी नावं फुटली. आजचा लोरांजे आणि आजचा लाकुर्सिएर चुलत घराण्यांतले असू शकतात आणि त्यांना त्याचा पत्ताही नसतो. मोठ्या लोकांतही तेच. मॉन्ट्रियलच्या शार्ल ल म्वानचे मुलगे इतिहासात वेगवेगळ्या नावांनी ओळखले जातात : हडसन उपसागरात इंग्रजांशी लढलेला दिबेरव्हील आणि १७१८ मध्ये न्यू ऑर्लिन्स वसवणारा बिएनव्हील हे सख्खे भाऊ.

गोवा-वसईच्या वाचकांसाठी एक नाव मुद्दाम देतो. लिस्बनचा पेद्रो दा सिल्वा क्यूबेकला आला, 'दी ल पोर्तुगे' म्हणजे पोर्तुगीज या ऊर्फने ओळखला गेला आणि क्यूबेक-मॉन्ट्रियल दरम्यान पत्रं पोचवू लागला. १७०५ मध्ये त्याला सरकारी नेमणूक मिळाली, म्हणून कॅनडाचा पहिला टपालवाला म्हणून त्याचं नाव घेतात. त्याचे वंशज आज 'दासिल्वा' असं एका दमात जोडून लिहितात. बाहेरचं आडनाव फ्रेंच कानाने ऐकून लिहिलं की काय होतं त्याचा याहून तिखट नमुना म्हणजे फानफ घराणं : त्यांचा मूळपुरुष मॅसॅच्युसेट्समधून १७०४ मध्ये कैद करून नेलेला फार्न्सवर्थ नावाचा इंग्रज मुलगा होता.

स्पेलिंगचा मुद्दा इथेच उरकतो. बहुतेकांना सही येत नव्हती. नोंदीच्या शेवटी 'सही करता येत नसल्याचं सांगितलं' हे वाक्य सतत भेटेल. म्हणजे आडनावाचं स्पेलिंग घराण्याचं नाही, त्या दिवशी वही धरणाऱ्या पाद्र्याचं. गीयों हे आडनाव काही शाखांत दियों झालं, आणि गायिका सेलिन डिऑन त्याच १६३४ साली आलेल्या मोर्तान्यच्या जां गीयोंच्या वंशातली. ट्रुडो घराण्याचा मूळपुरुष एतिएन जुन्या कागदांत 'त्रुतो' आहे. अक्षरांवर अडून बसलात तर पहिल्याच पिढीत अडकाल.

सीमेपलीकडे मात्र गोष्ट पार वेगळी होते. साधारण १८४० ते १९३० या काळात सुमारे नऊ लाख फ्रेंच-कॅनेडियन अमेरिकेत गेले, बहुतांश न्यू इंग्लंडच्या, म्हणजे ईशान्य अमेरिकेतल्या, गिरणगावांत. तिथे नावांची काही वेळा भाषांतरं झाली आणि काही वेळा नुसती मोडतोड. ब्वाव्हेरचे ग्रीनवुड झाले, लब्लांचे व्हाइट, रुआचे किंग, मन्येचे मिलर. ब्वाव्हांचं चक्क ड्रिंकवाइन झालं. कानाने लिहिलेली वेगळी : आर्शांबोचा शॅम्बो, बन्वाचा बेनवे, तिबोचा टीबो. भाषांतर झालेलं नाव उलट फिरवताना जपा, कारण व्हाइट हा लब्लां असेल, किंवा खरोखर व्हाइटही असेल. चर्चच्या नोंदीशिवाय ठरवू नका.

आता काम कसं करायचं ते सांगतो, आणि इथे माझं मत ठाम आहे. आडनावाचा पाठलाग करू नका, लग्नांचा करा. कॅथलिक लग्नाच्या नोंदीत वर-वधू दोघांच्याही आईवडिलांची नावं असतात, आयांची माहेरच्या आडनावासह. म्हणजे एका लग्नातून चार नावं आणि दोन नवी जोडपी मिळतात. मग त्या जोडप्यांची लग्नं शोधायची. ओडेच्या जागी लापोआंत आलं तरी नवरा-बायकोची जोडी बदलत नाही, आणि बायकोचं आडनाव सहसा तुलनेने स्थिर असतं. मी शोध नेहमी बायकोच्या नावावरून सुरू करतो.

तुमची पहिली पायरी लोवेलचं लग्न. तिथलं पहिलं फ्रेंच पॅरिश (म्हणजे एका चर्चच्या हाताखालचा भाग) सेंट जोसेफ, १८६८ मध्ये ओब्लेट पंथाच्या पाद्र्यांनी उभं केलेलं. नंतर सेंट-जां-बातिस्तही झालं. सरकारी नोंद मॅसॅच्युसेट्समध्ये १८४१ पासून आहे, पण ती जन्मस्थान म्हणून नुसतं 'कॅनडा' लिहून मोकळी होते. फ्रेंच पाद्र्याच्या वहीत बहुतेकदा क्यूबेकमधल्या पॅरिशचं नाव मिळतं, आणि ते एक नाव सगळं उघडतं. लग्न क्यूबेकमध्येच झालं असेल तर उलट सोपं. १८९५ नंतर सीमा ओलांडली असेल तर सेंट ऑल्बन्सच्या सीमानोंदी, म्हणजे कॅनडातून अमेरिकेत येणाऱ्यांच्या नोंदीही पाहा.

क्यूबेकच्या नोंदी इतक्या चांगल्या का, याला कारण कायदा आहे. फ्रान्सच्या राजाने १६६७ मध्ये नोंदवह्या दोन प्रतींत ठेवण्याचा हुकूम काढला. न्यू फ्रान्समध्ये, म्हणजे फ्रान्सच्या इथल्या वसाहतीत, तो १६७९ पासून लागू झाला. एक प्रत चर्चची, एक न्यायालयाची. चर्च जळालं तरी दुसरी प्रत उरे. त्याआधीचं नुकसान मात्र झालंच : क्यूबेक शहरातलं चर्च १६४० मध्ये जळालं आणि नोंदी लोकांच्या आठवणीवरून पुन्हा लिहाव्या लागल्या. दोन प्रती तंतोतंत जुळतीलच असं नाही, म्हणून एकीवर शाई सांडलेली दिसली तर दुसरी मागवा. चर्चची वही हीच सरकारची जन्मनोंद, ही व्यवस्था १९९३ च्या अखेरपर्यंत चालली.

साधनं? फॅमिलीसर्च या संकेतस्थळावर कॅथलिक नोंदवह्यांची पानं फुकट चाळता येतात. द्रुएं संस्थेने १९४० च्या दशकात वह्यांचे मायक्रोफिल्म केले. त्या संग्रहाची वर्गणी घ्यावी लागते, पण एक महिन्याची पुरते, जर तयारी करून बसलात तर. मॉन्ट्रियल विद्यापीठातला ऐतिहासिक लोकसंख्याशास्त्राचा प्रकल्प १९६६ मध्ये सुरू झाला. त्याने जुन्या नोंदी कुटुंबवार जुळवून ठेवल्या आहेत आणि 'दी' नावांची जुळणीही केली आहे. तुमच्यासाठी हीच सर्वांत मोलाची. पाद्री तांगे यांनी १८७१ ते १८९० दरम्यान सात खंडांचा वंशकोश काढला. कौतुकाचं काम, पण चुका पुष्कळ. इंटरनेटवरच्या अर्ध्याअधिक झाडांच्या चुका तिथून आल्यात असा माझा संशय आहे. न्यू इंग्लंडमध्ये वूनसॉकेट आणि मँचेस्टर इथल्या वंशशास्त्र संस्थांत जाता आलं तर जा. तिथले स्वयंसेवक गिरणगावांची पॅरिशं तळहातासारखी ओळखतात.

नोंद हातात आल्यावर काही ठिकाणी पाय घसरतो.

महिना. '७ब्र' दिसलं की लोक जुलै लिहितात. तो सप्टेंबर आहे, कारण फ्रेंच 'सेप्त' म्हणजे सात. त्याचप्रमाणे ८ब्र ऑक्टोबर, ९ब्र नोव्हेंबर, १०ब्र डिसेंबर.

दुसरं लग्न. विधुर किंवा विधवा असेल तर आईवडिलांची नावं गाळून नुसतं 'अमक्याची विधवा' लिहितात. तिथे धागा तुटला असं वाटतं. तो पहिल्या लग्नात सापडतो. आणि बायका बाळंतपणात जात, पुरुष नदीत किंवा जंगलात. दुसरी-तिसरी लग्नं भरपूर.

नावं. बाप्तिस्म्यात मुलाला आधी जोझेफ आणि मुलीला मारी हे नाव लावायची पद्धत पुढे इतकी रुळली की कुटुंबातल्या सगळ्या मुली मारी असतात. वापरातलं नाव बहुधा शेवटचं, मधलं अनेकदा धर्मपित्याचं किंवा धर्ममातेचं. यजमानांचे पणजोबा घरी 'आर्थर' असतील तर सूचीत जोझेफ या नावाखाली शोधा. शिवाय मूल दगावलं की पुढच्या मुलाला तेच नाव देत. बाप्तिस्मा सापडला म्हणून थांबू नका, त्याच नावाचं दफन आहे का ते पाहा.

सज्ञान-अज्ञान. लग्नात 'सज्ञान' किंवा 'अज्ञान' लिहितात त्यावरून वयाचा अंदाज येतो. फ्रेंच राजवटीत सज्ञान वय २५ होतं, १७८३ पासून २१. लग्नाच्या तारखाही बोलतात : ईस्टरपूर्व उपासाच्या काळात आणि ख्रिसमसपूर्व आठवड्यांत लग्नं लावत नसत, म्हणून जानेवारी-फेब्रुवारी आणि नोव्हेंबरात नोंदींची गर्दी असते.

एका ओळीकडे लोक दुर्लक्ष करतात आणि मला ती सर्वांत आवडते : नात्यातल्या लग्नाची परवानगी. चर्चच्या मोजणीत सख्खी चुलत-मावस भावंडं दुसऱ्या पायरीवर, त्यांची मुलं तिसऱ्या, नातवंडं चौथ्या. चौथ्या पायरीपर्यंत लग्न करायचं तर बिशपची परवानगी लागे. १९१७ च्या धर्मसंहितेने ती मर्यादा तिसऱ्या पायरीपर्यंत आणली. नोंदीत 'तिसऱ्या पायरीची सूट' असं वाचलं की वर-वधूंचे पणजोबा-पणजी एकच होते हे कळलं. तुमची शंका असलेली जोडी खरी की खोटी, हे ताडायला याहून चांगला पुरावा नाही.

अशा परवानग्या भरपूर सापडतील, कारण मूळ लोकच थोडे. १६६६ मध्ये इंटेंडंट (राजाने नेमलेला कारभारी) जां तालोंने केलेल्या शिरगणतीत अख्ख्या वसाहतीत ३,२१५ युरोपीय होते. १६६३ ते १६७३ दरम्यान राजाच्या खर्चाने आणलेल्या सुमारे पावणेआठशे मुली, ज्यांना 'राजाच्या मुली' म्हणतात, त्यांतूनच मोठा वंशविस्तार झाला. (माद्लेन देप्रे त्यांच्यापैकीच, राजघराण्याशी संबंध शून्य, हे यजमानांना आधीच सांगून ठेवा.) क्यूबेकमधलं सर्वांत जास्त आढळणारं आडनाव ट्राम्ब्ले, आणि ते सगळे एकाच जोडप्याचे : १६५७ मध्ये क्यूबेकला लग्न केलेले पिएर ट्राम्ब्ले आणि ओझान आशों. म्हणून डीएनए चाचणी केलीत तर शेकडो 'जवळचे' भाऊबंद दिसतील आणि संगणक ते आहेत त्याहून जवळचे दाखवील. एकच पूर्वज पाच वाटांनी आला की जुळणी फुगते. माझा सल्ला : डीएनए कागदाला पुरवणी म्हणून घ्या, कागदाऐवजी नको.

घरात 'आमची एक पूर्वज इंडियन राजकन्या होती' अशी कथा असेलच, जवळजवळ प्रत्येक फ्रेंच-कॅनेडियन घरात असते. कधी ती खरी असते : १६४४ मध्ये मार्तें प्रेव्होने मारी मानितुआबेविश या आदिवासी मुलीशी क्यूबेकला लग्न केलं आणि त्यांचे वंशज असंख्य आहेत. पण अशी एक पूर्वज दहा-अकरा पिढ्या मागे असते, आणि तिच्या जोरावर स्वतःला आदिवासी म्हणवण्याचा जो प्रघात हल्ली पडला आहे तो मला पटत नाही. राजकन्या तर कोणीच नव्हती.

फ्रान्सबद्दल. हो, पोचता येईल. वसाहतीतल्या पहिल्या लग्नाच्या नोंदीत फ्रान्समधलं पॅरिश आणि बिशपचा प्रांत बहुधा लिहिलेला असतो. त्यावरून फ्रान्सच्या जिल्हा अभिलेखागारांच्या संकेतस्थळांवर मूळ बाप्तिस्मा शोधायचा. पण त्याआधी 'फिशिए ओरिजीन' ही मोफत सूची पाहा. क्यूबेक आणि फ्रान्सच्या वंशशास्त्र संघांनी मिळून प्रवाशांचे मूळ दाखले त्यात जमवले आहेत. एक सूचना : घराणं अकादियाचं, म्हणजे आजच्या नोव्हा स्कोशियाकडचं निघालं, तर हे सगळं इतकं सरळ जाणार नाही. १७५५ पासून इंग्रजांनी अकादियनांना हद्दपार केलं आणि बऱ्याच वह्या त्यातच गेल्या; तिथे शिरगणत्यांवर भागवावं लागतं. ओडे-लापोआंत ओर्लेआं बेटाचे असतील तर ही अडचण तुम्हाला येणार नाही.

तेव्हा क्रम असा ठेवा. लोवेलमध्ये पणजोबांच्या लग्नाची चर्चमधली नोंद मिळवा, भावाच्या लग्नाचीही. दोन्हींत आईचं नाव एकच आहे का ते बघा, वडिलांचं आडनाव काहीही असो. एकच निघालं तर त्या आईवडिलांचं लग्न आईच्या आडनावाने शोधा आणि तिथून मागे चला. कागद फ्रेंचमध्ये आहेत म्हणून बिचकू नका. नोंदीची वाक्यरचना दोनशे वर्षं जवळजवळ तीच राहिली आहे, आठ-दहा नोंदी वाचल्या की पुढच्या आपोआप वाचता येतात. पणजोबांच्या पॅरिशचं नाव हाती लागलं आणि अक्षर लागत नसलं, तर पानाचा फोटो पाठवा, मी वाचून देईन.